लहान मुलांची भूल: धोके कुठे दडलेले असतात आणि हाताशी काय तयार ठेवावे

श्वास थांबला की तान्ह्या बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन प्रौढापेक्षा कितीतरी लवकर उतरतो. बाळ दर किलोमागे मिनिटाला ६ ते ८ मि.ली. ऑक्सिजन खर्च करते, प्रौढ माणूस ३ ते ४. त्यातून बाळाच्या छातीचा पिंजरा मऊ असतो, म्हणून भूल चढताच फुफ्फुसांतला हवेचा साठा घटतो आणि बारीक श्वासनलिका मिटू लागतात. खर्च दुप्पट आणि शिल्लक थोडी, असा हा हिशोब आहे. मुलांच्या भुलेतले बरेचसे गंभीर प्रसंग त्यातूनच सुरू होतात.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एप्रिकॉट' या युरोपीय पाहणीत ३३ देशांतल्या २६१ रुग्णालयांतून सुमारे ३१ हजार मुलांच्या भुलेची नोंद घेतली गेली. गंभीर प्रसंगांचे प्रमाण ५.२ टक्के निघाले. श्वसनाचे प्रसंग ३.१ टक्के आणि हृदय-रक्ताभिसरणाचे १.९ टक्के होते. वय जितके कमी तितका धोका जास्त, आणि भूल देणाऱ्याचा मुलांमधला अनुभव जितका जास्त तितका धोका कमी, हेही त्यात दिसले. हे टिपण भूलशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी, मुलांना अधूनमधूनच भूल द्यावी लागणाऱ्या भूलतज्ज्ञांसाठी आणि ओटी (शस्त्रक्रियागृह) आणि रिकव्हरी (शस्त्रक्रियेनंतर जागे होण्याची खोली) इथल्या नर्सेससाठी आहे. इथले डोस प्रशिक्षित हातांसाठी आहेत. आपल्या विभागाचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा.

आदल्या दिवशीची विचारपूस

आईवडिलांना नेमके प्रश्न विचारा. 'काही त्रास नाही ना?' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असेच येते. बाळ किती आठवड्यांचे असताना जन्मले? झोपेत घोरते का, मधेच श्वास अडकतो का? चालायला उशिरा लागले का, उठताना हातांचा आधार घेते का? घराण्यात कोणाला भुलेखाली प्रचंड ताप, अंग ताठ होणे किंवा अचानक मृत्यू असे काही झाले आहे का? घरात कोणी धूम्रपान करते का? सहा-सात वर्षांच्या मुलाचे हलणारे दात स्वतः बोट लावून तपासा.

सर्दीचा प्रश्न रोजचाच. नाक पाण्यासारखे वाहते आहे, पण मूल खेळते-खाते आहे, ताप नाही, छाती स्वच्छ आहे आणि शस्त्रक्रिया छोटी आहे, अशा वेळी अनुभवी हातांनी पुढे जायला हरकत नसते. ताप, पिवळा-हिरवा शेंबूड, ओला खोकला, छातीत घरघर किंवा मलूलपणा यांपैकी काही असेल आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर पुढे ढकला. श्वासमार्गाचा चिडचिडेपणा सर्दी गेल्यावरही काही आठवडे टिकतो, म्हणून लक्षणे गेल्यानंतर किमान दोन आठवडे थांबावे. दम्याची प्रवृत्ती असेल तर दोनपेक्षा जास्त थांबावे. पुढे जायचेच असेल तर ट्यूबऐवजी (श्वासनलिकेत घालायची नळी) मास्क किंवा एलएमए (घशात, स्वरयंत्रावर बसणारा मास्क) वापरल्याने श्वासमार्ग कमी चिडतो. भुलेआधी १० ते ३० मिनिटे साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्याचा (२० किलोखाली २.५ मि.ग्रॅ., त्यावर ५ मि.ग्रॅ.) फायदा होतो.

उपाशी ठेवण्याचा जुना आणि सर्वांत मान्य नियम असा: घन आहार ६ तास, पावडरचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास, पाणी किंवा गाळलेला रस २ तास. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शनाने आणखी सैल सोडले: पावडरचे दूध ४ तास, आईचे दूध ३ तास, पाणी १ तास. 'रात्री बारानंतर काहीही देऊ नका' ही सूचना मुलांसाठी चुकीचीच आहे. सकाळी अकराला नंबर लागलेले दोन वर्षांचे मूल तोवर कोरडे पडलेले असते, शीर सापडत नाही, साखर उतरलेली असू शकते, आणि भूल चढताच रक्तदाब कोसळतो. पाणी केव्हापर्यंत द्यायचे ते घड्याळाची वेळ लिहून सांगा.

मेंदूवर परिणाम होतो का, हे पालक आता हमखास विचारतात. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ च्या डिसेंबरमध्ये इशारा दिला तो ३ वर्षांखालील मुलांना ३ तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गॅस' अभ्यासात, तान्हेपणी एकदाच तासाभराहून कमी वेळ भूल दिलेल्या मुलांची पाचव्या वर्षीची बुद्धिमत्ता चाचणी जागेपणी फक्त बधिरता देऊन शस्त्रक्रिया झालेल्या मुलांसारखीच आली. एवढे शांतपणे सांगितले की पालकांचा जीव भांड्यात पडतो. शस्त्रक्रिया गरजेची असेल तर या भीतीने ती लांबवू नये.

फळ्यावरची आकडेमोड

संकटात कोणाचाही गुणाकार चुकतो, म्हणून ही आकडेमोड मूल ओटीत येण्याआधी करून भिंतीवरच्या फळ्यावर लिहा. वजन त्याच दिवशी काट्यावर घ्या. अंदाजाचे सूत्र, म्हणजे (वय + ४) × २, फक्त काटा वापरता येत नसेल तेव्हाच वापरा.

उदाहरणाला दोन वर्षांचे, १२ किलोचे मूल घेऊ. फळ्यावर हे हवे:

- ट्यूब (आतला व्यास मि.मी. मध्ये): कफवाली, म्हणजे टोकाशी फुगा असलेली, (वय ÷ ४) + ३.५, म्हणजे ४. बिनकफची (वय ÷ ४) + ४, म्हणजे ४.५. अर्ध्या आकाराने लहान आणि मोठी शेजारी उघडून ठेवा. ओठाशी खोली (वय ÷ २) + १२, म्हणजे १३ से.मी. ही सूत्रे साधारण वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी आहेत. नवजाताला खोली म्हणजे वजन + ६.
- एलएमए: २ नंबर (१० ते २० किलो). ५ ते १० किलोला दीड, त्याखाली १.
- ॲट्रोपिन (नाडी वाढवणारे) २० मायक्रोग्रॅम प्रति किलो: २४० मायक्रोग्रॅम.
- सक्सिनिलकोलीन (स्नायू झटपट सैल करणारे) शिरेतून २ मि.ग्रॅ. प्रति किलो: २४ मि.ग्रॅ. स्नायूत ४ मि.ग्रॅ. प्रति किलो: ४८ मि.ग्रॅ.
- ॲड्रेनलिन, हृदय थांबल्यास १० मायक्रोग्रॅम प्रति किलो: १ः१०,००० द्रावणाचे १.२ मि.ली.
- सलाईन किंवा रिंगर लॅक्टेटचा बोलस (एकदम द्यायचा डोस) १० मि.ली. प्रति किलो: १२० मि.ली.
- एकूण रक्त सुमारे ७५ मि.ली. प्रति किलो: ९०० मि.ली.

शेवटचा आकडा मुद्दाम लिहायचा. ९०० पैकी ९० मि.ली. म्हणजे दहा टक्के रक्त, आणि ते दोन-तीन भिजलेल्या मॉप्समध्ये (रक्त टिपायच्या कापडी घड्यांमध्ये) सहज दडते. मॉप्स वजन करून मोजा, सक्शनला खुणा असलेली छोटी बाटली लावा.

औषधाच्या चुकांत मुलांमध्ये सर्वांत घातक चूक दहापटीची. ती दशांश चिन्हाने होते, मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमच्या गोंधळाने होते आणि पातळ करताना होते. '.५' लिहू नका, '०.५' लिहा. '५.०' लिहू नका, '५' लिहा. टिंब पुसट झाले की ते ५० होते. ॲड्रेनलिनची १ः१००० ची १ मि.ली. घेऊन त्यात ९ मि.ली. सलाईन घातले की १ मि.ली. मध्ये १०० मायक्रोग्रॅम होतात. ही सिरिंज भरताच लेबल लावायचे, आणि भरणाऱ्याने मोठ्याने सांगावे, दुसऱ्याने ॲम्प्यूल वाचून दुजोरा द्यावा. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलची चूक ठरलेली असते. द्रावण १ मि.ली. मध्ये १० मि.ग्रॅ. असते, १५ मि.ग्रॅ. प्रति किलोने आपल्या मुलाला १८० मि.ग्रॅ., म्हणजे १८ मि.ली. लागतात. कोणी '१८०' ऐकून १८० मि.ली. चढवले की यकृत धोक्यात. म्हणून १०० मि.ली.ची बाटली मुलाला कधीच टांगू नये. हवे तितके सिरिंजमध्ये काढून तेवढेच द्यावे. १० किलोखालच्या बाळांना हा डोस निम्मा, ७.५ मि.ग्रॅ. प्रति किलो, धरतात.

सलाईनच्या नळीतले हवेचे बुडबुडे थ्री-वेपर्यंत (नळीच्या तिहेरी तोटीपर्यंत) टिचक्या मारून काढा. तान्ह्यांच्या हृदयाच्या दोन्ही कप्प्यांमधली वाट पूर्ण बंद झालेली नसते, त्यामुळे शिरेतला बुडबुडा मेंदूकडे जाऊ शकतो.

झोपवताना

बाळाचे डोके मागे फुगीर आणि मोठे असते. उशी दिली तर मान पुढे वाकून श्वासमार्ग दुमडतो. तान्ह्याला खांद्याखाली पातळ घडी द्या आणि नाक छताकडे ठेवा. मास्क धरताना बोटे जबड्याच्या हाडावर हवीत. हनुवटीखालच्या मऊ भागावर दाब पडला की जीभ वर ढकलली जाते आणि आपणच श्वासमार्ग बंद करतो. शिकणाऱ्यांना मास्क 'चालत नाही' असे वाटते तेव्हा आधी हीच दोन कारणे पाहावीत.

सेव्होफ्लुरेन (हुंगवून द्यायचे भुलेचे औषध) ८ टक्क्यांवर सुरू केले असेल तर मूल झोपताच डायल खाली आणा. स्वतः श्वास घेणारे मूल खोल गेले की त्याचा श्वास उथळ होतो आणि औषध आपोआप कमी ओढले जाते. पण आपण पिशवी दाबू लागलो की ही सोय संपते. ८ टक्के चालू ठेवून पिशवी दाबत राहिल्यास तान्ह्याची नाडी आणि रक्तदाब मिनिटाभरात कोसळतात. शीर शोधताना सगळ्यांचे डोळे हातावर असतात, त्याच वेळी हे घडते. म्हणून एकाने फक्त शीर शोधावी आणि दुसऱ्याने फक्त श्वास सांभाळावा.

मास्कने जोरात हवा दिली की ती पोटात जाते. फुगलेले पोट छातीखालच्या श्वासपटलाला वर रेटते, फुफ्फुसे आणखी लहान होतात, आणि आपण आणखी जोर लावतो. पोट टणक वाटले तर तोंडातून सक्शन कॅथेटर पोटात घालून हवा काढा. उतरलेला ऑक्सिजन अनेकदा एवढ्याने वर येतो.

ट्यूब घातल्यावर कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) लाट पाहा, मग दोन्ही काखांत ऐका, मग टेप लावा. मान वाकली की ट्यूब खाली सरकते, मान ताणली की वर येते. बाळाची श्वासनलिका जेमतेम ४ ते ५ से.मी. असते, तेव्हा डोके हलवल्यावर दर वेळी पुन्हा ऐका. कफमधला दाब २० से.मी. पाण्याच्या आसपास मोजून ठेवा. बोटांनी चाचपलेला फुगा भरवशाचा नाही.

लॅरिंगोस्पाझम

स्वरयंत्राचे स्नायू आवळून दार बंद करतात. अर्धवट भुलेत लाळ, रक्त, सक्शनची नळी किंवा नुसती वेदना त्याला पुरते. सुरुवातीला घुर्र-किंचाळीसारखा आवाज येतो, गळ्याखालची खळगी आत ओढली जाते, छाती आणि पोट उलटसुलट हलतात. पूर्ण बंद झाले की आवाजच येत नाही, पिशवी हलत नाही, कॅप्नोग्राफची लाट नाहीशी होते. शांतता हे इथे सर्वांत वाईट लक्षण आहे. ऑक्सिमीटर पडण्याची वाट पाहू नका, तो मागाहून सांगतो.

१. मोठ्याने 'लॅरिंगोस्पाझम' म्हणा, शस्त्रक्रिया थांबवायला सांगा. वेदनेमुळे झाला असेल तर एवढ्यानेही सुटतो.

२. १०० टक्के ऑक्सिजन, दोन्ही हातांनी घट्ट मास्क, जबडा जोरात पुढे. बोटे कानाच्या पाळीमागे, जबडा आणि कवटीच्या मधल्या खळग्यात रोवून आत-पुढे दाब द्या. पिशवीवर सलग हलका दाब ठेवा. बंद दारावर हिसके मारून पिशवी दाबली तर हवा फक्त पोटात जाते.

३. तोंडात दिसेल ते रक्त किंवा लाळ चटकन काढा.

४. सुटत नसेल तर प्रोपोफॉल (शिरेतून द्यायचे भुलेचे औषध) ०.५ ते १ मि.ग्रॅ. प्रति किलो. आपल्या मुलाला १ टक्क्याचे १.२ मि.ली. पर्यंत.

५. तरीही बंद आणि ऑक्सिजन उतरतोय, तर सक्सिनिलकोलीन १ ते २ मि.ग्रॅ. प्रति किलो. नाडी मंदावली असेल तर सोबत ॲट्रोपिन. शीर नसेल तर ती शोधत बसू नका, ४ मि.ग्रॅ. प्रति किलो स्नायूत द्या, आणि औषध चढेपर्यंत मास्कचा दाब सोडू नका.

६. स्नायू सैल होताच ऑक्सिजन भरून घ्या, गरज असेल तर ट्यूब घाला, नंतर पोटातली हवा काढा.

चूक होते ती बहुधा चौथ्या-पाचव्या पायरीला उशीर करण्यात. 'आता सुटेल' म्हणत नाडी ६० वर येईपर्यंत थांबणारे अनेक असतात. आमचे मत स्पष्ट आहे: मास्कच्या दाबाने सुटत नाही असे दिसले आणि ऑक्सिजन उतरू लागला की औषध द्यायचे. सुटल्यानंतरही तासभर लक्ष ठेवा. बंद दाराविरुद्ध ओढलेल्या श्वासामुळे फुफ्फुसांत पाणी उतरू शकते; गुलाबी फेस, वाढलेला श्वास आणि न चढणारा ऑक्सिजन ही त्याची खूण.

टाळण्यासाठी: ट्यूब एकतर खोल भुलेत काढा, नाहीतर मूल पूर्ण जागे झाल्यावर. डोळे मिटून, श्वास रोखत, दात आवळणाऱ्या मधल्या अवस्थेत काढू नका. सक्शन खोल भुलेतच उरका, मुलाला कुशीवर वळवा आणि जागे होईपर्यंत कोणी हात लावू नका, टेपही ओढू नका.

नाडी मंदावली तर

मुलाची नाडी उतरली की ॲट्रोपिनकडे हात जाण्याआधी ऑक्सिजन पोचतोय का ते पाहा. ट्यूब सरकली, तुंबली, छातीत हवा साठली की यंत्र बिघडले, या क्रमाने तपासा. शंका असेल तर यंत्र सोडून हाताच्या पिशवीवर या. सर्जनने डोळ्याचा स्नायू ओढला किंवा पोटात हवा भरली म्हणून नाडी उतरली असेल तर त्यांना थांबायला सांगा. ऑक्सिजन देऊनही तान्ह्याची नाडी ६० खाली आणि रक्ताभिसरण खराब असेल तर हृदय थांबले असे समजून छाती दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२०, दोघे असाल तर १५ दाबांमागे २ श्वास, आणि ॲड्रेनलिन.

सक्सिनिलकोलीननंतर काही मिनिटांतच वरवर धडधाकट मुलाचे, विशेषतः मुलग्याचे, हृदय थांबले तर पोटॅशियम वाढले असे धरा. निदान न झालेला ड्युशेन स्नायुविकार त्यामागे असू शकतो. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट ०.५ मि.ली. प्रति किलो द्या आणि छाती दाबणे चालू ठेवा. या धोक्यामुळेच सक्सिनिलकोलीन मुलांमध्ये नेहमीच्या ट्यूबसाठी वापरू नये, अडचणीसाठी राखून ठेवावे.

पाणी, रक्त, ऊब

तासाला लागणारे पाणी १९५७ मध्ये हॉलिडे आणि सेगर यांनी मांडलेल्या हिशोबाने काढतात: पहिल्या १० किलोला ४, पुढच्या १० ला २, त्यापुढे १ मि.ली. प्रति किलो. १२ किलोला ४४ मि.ली. द्रव मात्र रिंगर लॅक्टेटसारखा रक्ताच्या क्षाराशी मिळताजुळता हवा. कमी मिठाचे, साखरेचे सलाईन भराभर दिले की सोडियम घसरते, मेंदूला सूज येते आणि झटके येतात. नवजात आणि फार लहान बाळांची साखर मोजत राहा. रक्त चढवायचे असेल तर १० मि.ली. प्रति किलो लाल पेशींनी हिमोग्लोबिन साधारण २ ते ३ ने चढते. जुने रक्त झपाट्याने ढकलू नका, त्यातले पोटॅशियम घात करते.

नवजात बाळ कुडकुडत नाही, नुसते गार पडते, मग श्वास मंदावतो आणि औषधे उतरत नाहीत. ओटी आधीच २४ ते २६ अंशांवर आणा, डोके झाका, गरम हवेची चादर घाला. तापमान मोजतच राहा. मोठ्या मुलाला याच चादरीने ताप चढतो.

बधिरतेचे औषध आणि दुर्मीळ ताप

कॉडलसाठी (माकडहाडाजवळून दिलेल्या कमरेखालच्या बधिरतेसाठी) ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेन १ मि.ली. प्रति किलो दिले म्हणजे २.५ मि.ग्रॅ. प्रति किलोची कमाल मर्यादा तिथेच गाठली. आपल्या मुलाला १२ मि.ली. झाले, आता सर्जनने जखमेत आणखी सोडायचे नाही. हे त्यांना आधी सांगा. सुई टोचल्यावर मागे ओढून पाहा, पण रक्त आले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. थोडे थोडे सोडत ईसीजी पाहा. ताल बिघडला तर २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण) १.५ मि.ली. प्रति किलो, नंतर ०.२५ मि.ली. प्रति किलो प्रति मिनिट. लिपिडची बाटली कुठे आहे हे टोचण्याआधी माहीत हवे.

श्वास वाढवूनही कार्बन डायऑक्साइड चढतच असेल, नाडी धावत असेल, जबडा ताठ असेल तर मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलेच्या वायूने किंवा सक्सिनिलकोलीनने उसळणारा दुर्मीळ विकार) आठवा. ताप उशिरा येतो. वायूची भूल बंद, १०० टक्के ऑक्सिजन, डॅन्ट्रोलीन २.५ मि.ग्रॅ. प्रति किलो, लक्षणे आवरेपर्यंत पुन्हा पुन्हा. २० मि.ग्रॅ.च्या जुन्या कुपीत ६० मि.ली. निर्जंतुक पाणी घालून ढवळावे लागते, त्या कामाला दोन माणसे वेगळी लावा.

रिकव्हरीत

सेव्होफ्लुरेननंतर दोन ते सहा वर्षांची मुले कधी कधी डोळे उघडे पण ओळख नाही, अशी धडपडतात. आधी ऑक्सिजन, वेदना, लघवीने भरलेले पोट आणि साखर तपासा, मगच याला भुलेनंतरचा गोंधळ म्हणा. शेवटी दिलेले प्रोपोफॉल १ मि.ग्रॅ. प्रति किलो त्याचे प्रमाण कमी करते. उलटीची शक्यता वय ३ च्या पुढे, शस्त्रक्रिया अर्ध्या तासाहून लांब, तिरळेपणाची शस्त्रक्रिया, किंवा घरात कोणाला उलट्यांचा इतिहास असल्यास वाढते. ऑन्डान्सेट्रॉन ०.१ आणि डेक्सामेथासोन ०.१५ मि.ग्रॅ. प्रति किलो एकत्र चांगले काम करतात.

टॉन्सिलच्या, घोरणाऱ्या मुलाला मॉर्फिनचा डोस निम्म्यावर आणा. कोडीन देऊच नका: काही मुलांत त्याचे मॉर्फिन फार वेगाने होते आणि घरी झोपेत श्वास थांबतो. एफडीएने २०१७ मध्ये १२ वर्षांखाली ते निषिद्ध ठरवले. वेळेआधी जन्मलेले बाळ गर्भधारणेपासून मोजून ६० आठवड्यांच्या आत असेल तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवू नका, किमान १२ तास श्वासाच्या मॉनिटरवर ठेवा. शस्त्रक्रिया स्पायनलखाली (पाठीतून सुईने दिलेल्या बधिरतेत) केली तरीही.

ओटीतून बाहेर काढण्याआधी प्रत्येक कॅन्युला, एक्स्टेन्शन आणि थ्री-वे सलाईनने धुवा. त्या नळीत उरलेले स्नायू सैल करणारे औषध किंवा रेमिफेन्टानिल हे जोरदार वेदनाशामक लहान मुलासाठी पूर्ण डोस ठरते. तासाभराने वॉर्डात नर्स अँटिबायोटिक देते, ते आत ढकलले जाते, आणि मूल शेजारी कोणी भूलतज्ज्ञ नसताना निपचित पडते. धुण्याचे काम मॉनिटर लागलेला असताना करा, आणि धुतल्याची नोंद कागदावर सही करून रिकव्हरीच्या नर्सच्या हातात द्या.